सात महापद्म आणि दोनशे ग्रॅम

१० मार्च २०२५, सोमवार. हिंगणघाट तालुक्यातल्या एका काट्यावर (कोणत्या ते विचारू नका) तुरीच्या मापावरून भांडण जुंपलं होतं. भांडणाचा विषय रिकामं पोतं. मापाऱ्याचं म्हणणं, बारदान्याचा एक किलो वजा. शेतकऱ्याचं म्हणणं, पोतं आठशे ग्रॅमचं, तर आठशेच वजा. शेतकरी म्हणजे माझे साडू, त्यामुळे मला तिथून पाय काढता येईना.

"काहून बाप्पा, पोतं का रातभर पंगतीत जेवून आलं? दोनशे ग्रॅम वाढलं कसं?" साडू विचारत होते.

शेवटी एक पोतं झाडून काट्यावर ठेवलं. आठशे वीस ग्रॅम भरलं. मग वीस ग्रॅमवर दुसरी फेरी झाली, पण तिच्यात जोर नव्हता. चौदा कट्ट्यांत मिळून साडूंची अडीच किलो तूर वाचली. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये. म्हणजे अर्ध्या तासाच्या भांडणाची कमाई १९० रुपये. रोजी म्हणून काही वाईट नाही.

त्याच दुपारी मुंबईत अजित पवार राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प मांडत होते. काट्याशेजारच्या चहाटपरीवर एका पोराच्या मोबाईलवर भाषण लागलं होतं. एकूण खर्च सात लाख वीस कोटी रुपये, असं ऐकू आलं. पोरानं लगेच बोट वर सरकवलं आणि एक बाई भरल्या वांग्याची भाजी करू लागली. सात लाख वीस कोटींचं माप आमच्या डोळ्यांदेखत झालं आणि बारदान्याचे किती वजा केले, हे एकानंही विचारलं नाही. साडूंनीही नाही. ते १९० रुपये दोनदा मोजत होते.

मी एकतीस वर्षं जिनिंगमध्ये दिवाणजी होतो. कीर्द, खतावणी, रोजमेळ हेच माझं वाङ्मय. संध्याकाळी तेरीज जुळली नाही तर घरी जायला मिळत नसे; एकदा सव्वा रुपयासाठी मी रात्री अकरापर्यंत बसलो होतो आणि बायकोला तो सव्वा रुपया अजून खरा वाटत नाही. अशा माणसाला त्या दिवशी जरा लागलं. निवृत्त माणसाला काहीतरी लागलं की तो समाजजागृतीकडे वळतो. मीही वळलो. सरकारी आकडे लोकांना समजावून सांगायचे, असं ठरवलं. सभागृह : तीच टपरी. श्रोते : जे उधारीमुळे उठून जाऊ शकत नाहीत ते.

पहिलाच दिवस शून्यांवर गेला. सात लाख वीस कोटी म्हणजे नेमके किती, यावर टपरीवर तीन पक्ष पडले. एक म्हणे, सात लाख आणि वर वीस कोटी. दुसरा म्हणे, सात लाख वीस हजार कोटी. तिसऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे नसतातच, ते नुसतं म्हणायचं असतं. मी वर्तमानपत्राच्या समासात आकडा मांडून दाखवला : ७०,००,२०,००,००,०००. तेरा घरं. लहानपणी परवचा म्हणताना एक, दहा, शंभर करत परार्धापर्यंत जायचो, तेव्हा वाटायचं की कोटीच्या पुढची नावं मास्तरांनी मारायला निमित्त मिळावं म्हणून काढली असावीत. पण भास्कराचार्यांच्या लीलावतीतली ती यादी आता कामाची झाली आहे. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व आणि मग महापद्म. महाराष्ट्राचा अर्थसंकल्प झाला सात महापद्म. भास्कराचार्यांनी पुढे शंकू, जलधी वगैरे जागा राखून ठेवल्या आहेत. अजून बरीच वर्षं चिंता नाही.

मोठ्या आकड्याची गंमत अशी की तो जितका मोठा, तितका निरुपद्रवी वाटतो. दोनशे ग्रॅम डोळ्यांना दिसतात. महापद्म दिसत नाही. त्यावर औषध एकच, भागाकार. डोक्यांनी भागायचं. मी भागलं. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. माणशी आले बासष्ट हजार तीनशे रुपये. टपरीवर एकदम शांतता. "म्हणजे माझ्या नावानं सरकार सालाचे बासष्ट हजार खर्च करून राहिलं?" हमाली करणाऱ्या एका काकांनी चारी बाजूंनी स्वतःकडे पाहून घेतलं. कुठे लागलेले दिसले नाहीत.

मग कुणीतरी शहाण्यानं विचारलं, हे ११ कोटी २४ लाख कधीचे? २०११चे. पुढची जनगणना २०२१ला व्हायची होती ती झाली नाही. म्हणजे माझ्या भागाकारात भाज्य ताजं आणि भाजक चौदा वर्षांचा शिळा. डोकी वाढली असणार, म्हणजे माणशी रक्कम कमी. काकांच्या बासष्ट हजारांतले काही हजार बोलता बोलता गेले. "आत्ताच त होते!" ते म्हणाले.

तूट समजावणं सोपं गेलं, कारण तूट हा विषय टपरीवर सगळ्यांना तोंडपाठ आहे. टपरीवाल्या वहिनी उधारी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहितात. मी तेच कॅलेंडर उलटं केलं. सरकारची नेहमीची मिळकत ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, नेहमीचा खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, फरक ४५ हजार ८९१ कोटी. ही महसुली तूट. बैलजोडीसाठी कर्ज काढलं तर बैल तरी गोठ्यात दिसतो. ही तूट म्हणजे किराण्यासाठी काढलेलं कर्ज, महिनाअखेर डबा रिकामा आणि सावकार मात्र भरलेला. किराणा, बैल सगळं धरून जेवढं उसनं आणावं लागतं ती राजकोषीय तूट, १ लाख ३६ हजार २३५ कोटी. डोक्यांनी भागली तर माणशी बारा हजारांवर. वहिनींनी माझं खातं पाहिलं. तिथे ३४० रुपये होते. "दिवाणजी, तुमी त सरकारपेक्षा बरे," असं त्या म्हणाल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत शेठजींकडून एवढं ऐकायला मिळालं नव्हतं.

आकड्यांची खरी समज या वहिनींनाच आहे, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. लाडकी बहीण योजनेला त्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले होते. मी पुढे जाणार, एवढ्यात त्यांनी दूध ढवळता ढवळता विचारलं, "दीड हजार महिन्याचे म्हणजे सालाचे अठरा. अठरा हजारानं छत्तीस हजार कोटी भागले त दोन कोटी बाया. मंग दोन कोटीच्या वर बाया झाल्या त कोणाचे नावं कटतीन?" आत्तापर्यंत मी त्या योजनेवर किमान दहा अग्रलेख वाचले होते. हा भागाकार कुठेच नव्हता. माझ्या जागृतीच्या कार्यक्रमाचं अध्यक्षपद मी त्यांना मनातल्या मनात देऊन टाकलं; उघड दिलं असतं तर चहा कोण करणार?

कर कोण भरतो, यावर मात्र टपरीचं ठाम मत होतं की आपण नाही. कर भरायचे ते नागपूर-मुंबईचे. मोटरसायकलची टाकी भरून आलेला माणूस हे बोलत होता. पेट्रोलवरचा व्हॅट त्याच्या टाकीतच हेलकावत होता. आमच्या कंपूतले एक मास्तर मात्र दर फेब्रुवारीत उसळतात. पगारातून व्यवसाय कर महिन्याला २०० कापतात, फेब्रुवारीत ३००. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यात शंभर जास्त, हा कुठला न्याय? न्याय असा की राज्यघटनेनं या कराला सालाची २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे बावीसशे झाले, उरलेले तीनशे फेब्रुवारीच्या वाट्याला. आणि हा कर महाराष्ट्रानं १९७५ मध्ये बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून गावातल्या माणसाला रोजी, ही कल्पना अख्ख्या देशाच्या आधी आपल्याकडे चालली. मास्तरांना हे सांगितल्यावर ते थोडे शांत झाले. मग म्हणाले, "तरी पण फेब्रुवारीतच काहून?"

घरी प्रयोग करायची चूक मी एकदाच केली. राज्याची आर्थिक पाहणी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात ठेवतात. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती काढतं. जाडजूड पुस्तक, आणि मराठीत मिळतं. २०२४-२५च्या पाहणीत राज्याचं दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये असेल असा अंदाज होता. मी जेवताना मोठ्यानं वाचलं. बायकोनं भात वाढता वाढता हात थांबवला. "आपण घरात चौघं. म्हणजे बारा लाख सदतीस हजार. मला महिन्याला खर्चाला देता ते सोडून बाकीचे ठेवता कुठं?" मी सांगितलं की तो राज्याच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येनं भागून आलेला आकडा आहे, त्यात मुंबई आहे, कारखाने आहेत, शेअर दलाल आहेत. "म्हणजे आपले कोणीतरी दुसराच घेऊन राहिला," असं म्हणून तिनं भात वाढला. अर्थशास्त्रात याला विषमता म्हणतात. तिनं आमटी वाढेपर्यंत समजून घेतलं. त्याच पुस्तकात जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो, तो मात्र मी वाचला नाही. आमटी अजून गरम होती.

सरासरी ही चीजच घात करणारी. आणि या बाबतीत आमच्या मुलखाचं नाव एका थोर माणसानं इतिहासात नोंदवून ठेवलं आहे. दादाभाई नौरोजी १८७०च्या दशकात हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न काढायला बसले होते. साहेबाच्याच अहवालांतले आकडे घेऊन ते साहेबाला दाखवणार होते की माणशी सालाचे वीस रुपये निघतात आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून जास्त खर्च करतं. आकडे चाळताना त्यांनी मध्य प्रांताचा अहवाल धरला. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच. तिथल्या कारकुनांनी एकरी पिकाची सरासरी काढताना सगळ्या जिल्ह्यांचे आकडे मिळवले होते आणि जिल्ह्यांच्या संख्येनं भागून टाकले होते. कोणत्या जिल्ह्यात पेरा किती, हे बघायची तसदी नाही. साडूंच्या भाषेत सांगायचं तर एकाला दोन एकरांत एकरी दहा क्विंटल झालं, दुसऱ्याला वीस एकरांत एकरी चार. कारकुनाची सरासरी सात. खरी सरासरी साडेचारच्या जेमतेम वर. दादाभाईंनी चूक पकडली आणि लिहून छापली. काट्यावर पोतं झाडून मापायला लावणाऱ्यांची परंपरा अशी जुनी आहे. फक्त दादाभाईंनी पोतं फार मोठं निवडलं होतं.

आपल्याकडे पैसा हे नाणं व्यवहारातून कधीच गेलं. पन्नास पैसे दिले तर भिकारीसुद्धा परत करतो. तरी पैसे अजून दोन ठिकाणी जिवंत आहेत. एक, दिल्लीच्या अर्थसंकल्पात, जिथे दर १ फेब्रुवारीला वर्तमानपत्रं रुपयाचं गोल चित्र काढून फोडी करतात. २०२५-२६च्या चित्रात रुपयातले चोवीस पैसे कर्जातून येत होते आणि वीस पैसे जुन्या कर्जाच्या व्याजात जात होते. दिवाणजी म्हणून माझं मत विचाराल तर असं खातं आमच्या शेठजींनी चालवलं असतं तर मी दुसरी नोकरी बघितली असती. पण शेठजींना नोटा छापता येत नव्हत्या आणि कर बसवता येत नव्हता, सरकारला येतं. हा फरक साडू कधीच मान्य करत नाहीत.

दुसरं ठिकाण, पैसेवारी. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी, डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी. पीक सोळा आणे आलं तर रुपया, निम्मं आलं तर पन्नास पैसे. पन्नासच्या खाली गेलं की दुष्काळाच्या सवलतींचं दार किलकिलं होतं, वर राहिलं की बंद. त्यामुळे आमच्याकडे ऑक्टोबर महिन्यात आख्खा गाव सांख्यिकीतज्ज्ञ होतो. लग्नाच्या पत्रिकेला नाव चुकलं तर चालेल, पण गावाची पैसेवारी एकावन्न आली तर चूल पेटत नाही. आणि नजरअंदाज हा शब्द बघा. मराठीत त्याचा अर्थ नजरेनं काढलेला अंदाज. हिंदीत नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष. बांधावर जीपमधून न उतरता शेत पाहिलं गेलं तर दोन्ही भाषा एकदम खऱ्या होतात.

पैसेवारीच्या आकड्यामागे एक पद्धत असते. शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखून, तेवढंच पीक कापून, मळून, तोलतात. पीक कापणी प्रयोग म्हणतात त्याला. साडूंच्या शेतात एकदा तो झाला होता. चौकोन नेमका बांधाकडच्या, पाणी धरणाऱ्या पट्ट्यात पडला आणि सोयाबीन बरं निघालं. तेव्हापासून साडूंचा नमुना पाहणीवरचा विश्वास उडाला. मी समजावलं की नमुना चिठ्ठी काढल्यासारखा निवडतात, कधी चांगला पट्टा येतो, कधी वाईट. "मंग वाईट वेळेस येत जा म्हणा ना," असं त्यांचं उत्तर. या देशात नमुना पाहणीचं शास्त्र उभं केलं प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. त्यांच्या जन्मदिवशी, २९ जूनला, २००७ पासून सांख्यिकी दिवस पाळतात. त्या दिवशी आमच्याकडे लोक आभाळाकडे बघत असतात. पेरलेलं उगवतं की दुबार करावी लागते, याच्यापुढे कोणता दिवस कोण पाळणार?

टपरीवरचं साहित्य संपलं तसा मी मूळ ग्रंथाच्या शोधात निघालो. प्रत्येक जिल्ह्याचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' निघतं. पेरा, पाऊस, शाळा, दवाखाने, गुरं, पतसंस्था, काय नाही त्यात! मी एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव नको. टेबलामागच्या गृहस्थांना म्हटलं, मला आकडे बघायचेत.

"कोणाविरुद्ध?"

मी म्हटलं, विरुद्ध नाही, सहज.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "केस आहे का?" नाही. "निवडणुकीला उभे राहून राहिले?" नाही. "मग पीएचडी?" माझं वय अडुसष्ट. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बघितलं, शेजारच्या टेबलानं पंख्याकडे. आकडे सहज बघायला येणारा माणूस त्यांच्या नोकरीत पहिलाच असावा. मला त्यांचा राग आला नाही. पुस्तक दर वर्षी छापायचं आणि कुणी मागायला यायचं नाही, तर माणसाला संशय येणारच. त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करा म्हणून सुचवलं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम. दीडशे शब्दांत मी आजवर पावतीसुद्धा लिहिलेली नाही. तेवढ्यात डबा द्यायला आलेल्या, कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्याच मुलीनं फोनवर ते समालोचन दोन मिनिटांत काढून दिलं. संचालनालयाच्या संकेतस्थळावर होतं. आम्ही तिघांनी मिळून वर्धा जिल्ह्यातली गुरं पाहिली.

खरं म्हणजे वर्धा जिल्ह्याला हिशेबाचं वावडं असायचं काही कारण नाही. इथून पस्तीसेक किलोमीटरवर वर्ध्याला मगनवाडी आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो तिथे, आणि त्याचा कारभार पाहत होते जे. सी. कुमारप्पा. लोक त्यांना घाण्याचं तेल आणि हातकागद यांसाठी ओळखतात. पण हा माणूस मुळात हिशेबतपासनीस, लंडनला शिकलेला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला. हिंदुस्थानची सरकारी जमाखर्चाची तऱ्हा आणि इथली गरिबी यांचा संबंध दाखवणारं त्यांचं लेखन गांधीजींनी 'यंग इंडिया'त क्रमशः छापलं. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारनं त्यांना उद्योग पाहणी समितीचं अध्यक्ष केलं, तर त्यांनी माणसं खेड्याखेड्यांत धाडून घरोघरचा जमाखर्च विचारला.

त्यांची एक गोष्ट मला दिवाणजी म्हणून फार आवडते. १९३४च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्याला जेवणाखाणाला रोजचे तीन आणे, असा नियम त्यांनी घातला. गांधीजी दौऱ्यावर आले. बरोबर मंडळी, वर पेट्रोल. कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना कळवलं की हा खर्च निधीतून मिळणार नाही. चरित्रकार सांगतात की गांधीजींनी निमूट मान्य केलं. महात्म्याचं बिल परत पाठवणारा मुनीम! आमच्या जिनिंगमध्ये शेठजींच्या मेहुण्याचं बिल मला कधी परत पाठवता आलं नाही.

सरकारी जमाखर्चाची भाषा मात्र कुमारप्पांनाही हसू आणेल. शेठजींनी शिल्लक विचारली आणि मी 'सुधारित अंदाज' सांगितला असता तर त्यांनी मला त्याच दिवशी सुधारलं असतं. पुरवणी मागण्या म्हणजे पंगतीत बसल्यावर दुसऱ्यांदा मागितलेली जिलबी, आणि ती पावसाळी, हिवाळी दोन्ही अधिवेशनांत फिरते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला मोर्चे जातात, कवी जातात, संत्री खायला लोक जातात. पुरवणी मागण्यांचं पुस्तक बघायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. त्यात कधी कधी एखाद्या नव्या कामापुढे फक्त एक हजार रुपये लिहिलेले असतात. लाक्षणिक तरतूद म्हणतात त्याला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. माणूस नंतर येतो, कधी येतच नाही. पण रुमालावर बसायची कुणाची टाप नसते.

माझ्या वर्षभराच्या मोहिमेला एकच फळ आलं, ते साडूंच्या गावात. त्यांच्या नातवानं फोनवर ई-ग्रामस्वराज उघडलं. तिथे गाव निवडलं की पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा किती आला, कशावर गेला, हे दिसतं. त्यात एका नालीच्या बांधकामाचा खर्च निघाला. लांबी साठ मीटर. साडूंचे डोळे चमकले. पोत्याच्या वेळचा तोच चेहरा. "नाली? आपल्या गावात? कोणं पाह्यली?" दहा मिनिटांत आठ माणसं, दोन कुत्री आणि मी अशी तपासणी समिती निघाली.

नाली होती.

शाळेमागे होती, पक्की होती, वाहत होती. साडू तीन वर्षं रोज तिच्यावरून उडी मारून शेतात जात होते. सगळ्यांचा इतका हिरमोड झाला की काय सांगू. इतक्या तयारीनं भ्रष्टाचार पकडायला जावं आणि काम झालेलं निघावं, ही आमच्याकडे सवयीची गोष्ट नाही. सरपंच बाजूला उभे राहून मिशीत हसत होते. तेवढ्यात साडूंना सुचलं. त्यांनी घरून बैलाचं नवं दावं आणलं, मोजून गाठी मारल्या आणि नाली मापायला घेतली. अठ्ठावन्न मीटर भरली. सरपंच म्हणाले, दावं ताणलं नाही. साडू म्हणाले, आणखी ताणलं त बैल कायले बांधू? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला, जिथे एरवी झेंडा आणि जिलेबी झाली की पांगापांग होते, त्या दोन मीटरवर पाऊण तास चर्चा झाली. कार्यवृत्तात नोंद आहे. मी स्वतः वाचली. आयुष्यात वाचलेल्या उत्तम गद्यांपैकी ती एक.

दावं ताणून मोजणी करण्यात आम्ही काही पहिले नाही. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ पोलादी साखळी ताणून पहिली रेषा मोजली आणि तिथून हिंदुस्थान मापत उत्तरेकडे निघाला. बरोबर अर्ध्या टनाचं थिओडोलाइट. तंजावरला ते गोपुरावर चढवताना आपटलं, तर हा गृहस्थ तंबूत बसून स्वतः ठोकून सरळ करत राहिला. एकवीस वर्षं मापलं. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी तो वारला, तो आमच्या हिंगणघाटात. कबर इथेच आहे. फुटाफुटाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाच्या जन्मसालावर मात्र इतिहासकारांचं अजून एकमत नाही. मेला तेव्हा त्याचं वय नक्की किती होतं, हे सांगता येत नाही.

हिंगणघाटची लोकसंख्या १९०१ साली १२,६६२ होती. २०११ला ती लाखावर गेली. आज किती, याचा पत्ता नाही. टपरीवरच्या काकांचे बासष्ट हजार त्यामुळेच अडकून पडलेत. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ला निघाली, शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि मोजदाद धरायची ती १ मार्च २०२७ची. तेव्हा प्रगणक दारात आला की कुत्रं बांधा, त्याला पाणी द्या, आणि वय खरं सांगा. माझ्या बायकोलाही मी हेच सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, सुधारित अंदाज देईन.